तळाशी बसलेलं

“मला बाटल्या आवडतात,” असं भानुमती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावरच ते तिला ऐकू आलं.

भय्यासाहेबांच्या नेपियर टाउनातल्या बंगल्यात खसच्या ताट्यांवर नुकतंच पाणी मारलेलं होतं. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर होता आणि बाहेर मे महिन्याचं ऊन पांढरं पडलं होतं. टेबलापलीकडे वकील भय्यासाहेब बसले होते, त्यांच्या शेजारी कानांनी अधू झालेले निवृत्त हेडमास्तर. जबलपुरातल्या मराठी मंडळींची शिष्यवृत्ती दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला मिळत असे, आणि यंदा ती कोणाला द्यायची हे या दोघांच्या हातात होतं. भानुमती काळमेघ, वय एकोणीस, इंटर सायन्स पहिल्या वर्गात पास. पुढे बनारसला जाऊन औषधशास्त्र शिकायचं. इथवर सगळं अर्जात लिहिलेलं होतं. मग भय्यासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, “पण औषधशास्त्रच काहून? डॉक्टरी नाही, मास्तरकी नाही. औषधशास्त्रच काहून?” या प्रश्नाचं उत्तर तिनं आठ दिवस घोकलं होतं. लढाई संपली आहे, देश उद्या आपल्या हाती येईल, परदेशी औषधांवर आपण किती दिवस अवलंबून राहायचं, वगैरे. ते उत्तर जिभेवर तयार होतं. ते सोडून हे आलं.

“काय म्हणाली?” हेडमास्तरांनी कानाला हात लावला.

“बाटल्या!” भय्यासाहेब मोठ्यानं म्हणाले. “बाटल्या आवडतात म्हणते!”

हेडमास्तर विचारात पडले. भय्यासाहेब मात्र हसले, तेही तिला लागेल असं नाही. “अच्छा. चलो, घाबरू नकोस. घरी जा आणि एका कागदावर नीट लिहून आण. सोमवारपर्यंत. मराठीत लिही, साधं लिही, पण खरं लिही. पाठ केलेली भाषणं मी कचेरीत रोज ऐकतो.”

टांगा न करता ती पायीच निघाली. डोक्यावरून पदर घेतला होता तरी लूची झळ कानात शिरत होती. घराची, चेरीतालपर्यंतची वाट लांब होती, आणि तिला लांबच हवी होती. बाटल्या आवडतात. हे कोण बोललं? ती आठवू लागली की तिला हे कधी ठाऊक होतं का. आणि आठवताना लाज वाटली, कारण ते खरं होतं. चेरीतालच्या दवाखान्यातली ती लांबट खोली; खिडकीत उभ्या केलेल्या मिक्श्चरच्या बाटल्या, एक गुलाबी, एक काळपट तांबडी, एक ताकासारखी गढूळ; सकाळचं ऊन त्यांतून आलं की समोरच्या भिंतीवर रंगांचे डाग पडत आणि दुपारपर्यंत सरकत खाली येत. पंधरा-सोळा वर्षांची असताना आत्याचं औषध आणायला म्हणून ती तिथं जायची आणि तासन्‌तास बसायची. गणपतराव कंपाउंडरांची नजर तेव्हा कमी होत चालली होती. तिचं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी तिला चिठ्ठ्या लिहायला बसवलं, मग पट्ट्या कापायला. कागदाची लांब पट्टी घ्यायची, तिच्या कडेला कात्रीनं सारख्या अंतरावर खाचा पाडायच्या आणि खळीनं ती बाटलीवर उभी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. वाचता न येणारा माणूसही खाचेवर अंगठा ठेवून औषध मोजायचा. त्या साध्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टीला पट्टी चिकटली की ती औषध व्हायची. माणसं ती दोन्ही हातांनी घ्यायची, जशी देवळात तीर्थाला ओंजळ धरतात. भानुमतीला ते फार आवडायचं. तिनं कापलेल्या खाचांप्रमाणे कुठल्यातरी घरात कोणीतरी सकाळ-दुपार-संध्याकाळ बरं होत जातं आहे, असं तिला वाटायचं. हे आवडणं होतं की गर्व होता? आणि याच आवडण्याच्या पोटात ती दुसरी गोष्ट होती, तिचं काय?

ती गोष्ट त्रेचाळीस सालच्या भादव्यातली. पाऊस ओसरत होता, डबकी साचली होती, आणि घराघरांत हिवतापाची माणसं गोधड्यांखाली कुडकुडत होती. जावा बेट जपान्यांनी घेतलं म्हणून कुनैन येईनासं झालं, जे येतं ते पलटणीला जातं, असं बाबा कारखान्यातून ऐकून यायचे. एका सकाळी गणपतरावांनी मोठ्या बरणीत चिरायत्याचा कडू काढा ओतला, त्यात जळक्या साखरेचा रंग टाकला, वर पाणी. भानुमती बघत होती. “काका, कुनैन?” तिनं विचारलं. “संपलं,” ते म्हणाले. “मग?” गणपतरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “तू पट्टी काप,” ते म्हणाले. आणि तिनं कापली. त्या दिवशी त्या एका बरणीतून अकरा बाटल्या भरल्या. अकरा पट्ट्या तिनं कापल्या, अकरा चिठ्ठ्यांवर लिहिलं, ‘औषध हलवून घ्यावे.’ त्यांतली पहिली बाटली तिच्या नर्मदाआत्याची होती. आत्या आठ दिवसांत उठून भाकरी थापायला लागली. शेवटची बाटली कुंदाची होती. कुंदा सहाव्या दिवशी गेली.

घरी पोचली तेव्हा बाबा कारखान्यातून आले होते आणि सायकल ओसरीत टेकवून पायांवर पाणी घेत होते. आत्यानं तिला पाहिलं आणि गुळाचा खडा व तांब्या पुढे केला. आई गेल्यापासून या घरात जे काही पुढे व्हायचं ते आत्याच्याच हातानं. “झालं का?” आत्यानं विचारलं. “लिहून मागितलं आहे,” भानुमती म्हणाली. “काय लिहून?” “काहून शिकायचं ते.”

“त्यात काय लिहायचं,” बाबा म्हणाले. “कुंदाचं लिही. अख्ख्या चेरीतालले माहीत आहे. जीवाची मैत्रीण औषधाविना गेली, तवा पोरीनं मनावर घेतलं. याच्याहून चांगलं कारण कोणापाशी राहीन?”

“औषधाविना नाही गेली, बाबा. औषध दिलं होतं.”

“अगं, म्हणजे गुण नाही आला. एकच ते.”

आत्या म्हणाली, “मले तर आला. त्याच औषधानं मी उठली. गणपतरावाच्या हाताले यश आहे, पण एखाद्याची वेळ ओढवलीच असली तर कोण काय करीन?” आणि तिनं भानुमतीच्या पाठीवर हात ठेवला. तो भरलेला, गरम, जिवंत हात. भानुमतीला त्या हाताचं वजन सोसेना. ती कागद घेऊन आतल्या खोलीत गेली.

कुंदासाठी. हे कारण तिनं कधी सांगितलं नव्हतं. ते तिच्याभोवती आपोआप जमत गेलं होतं. कुंदा तीन घरं सोडून राहायची. वडील रेल्वेत गार्ड, महिन्यातले वीस दिवस गाडीवर. कुंदा सागरगोट्यांत खोटं खेळायची आणि पकडली की हसत सुटायची. कैरीला तिखटमीठ लावून खायची, चिंच खायची, आवळा खायची; पण कडू म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा, कारल्याच्या दिवशी ती भानुमतीकडे जेवायला यायची. मेल्यावर माणूस गोड होतं म्हणतात तशी कुंदा भानुमतीच्या आठवणीत होत नव्हती. ती अजून खोटंच खेळत होती. कुंदाच्या आईनं, सत्यभामाकाकूंनी, मात्र त्या दिवसापासून घर सोडलं नव्हतं. बाजार नाही, हळदीकुंकू नाही, देऊळसुद्धा नाही. दारात कोणी आलं की सांगायच्या, “शालिग्रामरावांची भानू माझ्या कुंदासाठी औषधं शिकून राहिली.” हे ऐकून बाया डोळे पुसायच्या आणि वाटेत भेटल्या की भानुमतीकडे वेगळ्या नजरेनं पाहायच्या. ती गप्प राहायची. गप्प राहिली की लोक त्याला दुःख समजायचे.

तिनं लिहिलं, ‘माझी मैत्रीण कुंदा हिच्या अकाली निधनामुळे,’ आणि खोडलं. ‘मला लहानपणापासून’ असं लिहिलं, तेही खोडलं. मग कागदावर नुसत्या खाचा काढत बसली. खरं काय होतं? कुंदाला पाणी दिलं गेलं, आणि ते पाणी आहे हे तिला ठाऊक होतं, हे खरं. म्हणून शिकायचं? मग ते प्रायश्चित्त झालं, आणि प्रायश्चित्ताला कोणी शिष्यवृत्ती मागतं का? आणि तेच पाणी पिऊन आत्या उठली, हेही खरं. मग कशानं उठली? पट्टीनं? ‘हलवून घ्यावे’ यानं? अकरा घरांत त्या बाटल्या गेल्या होत्या. आत्या आणि कुंदा सोडल्या तर बाकीची नऊ माणसं कोण होती, त्यांचं काय झालं, हे तिनं तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची भीती होती की इच्छाच नव्हती, हेसुद्धा तिला सांगता येत नव्हतं.

शनिवारी चार वाजता ती दवाखान्यात गेली. गणपतराव एकटेच होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी ते खलात काहीतरी घोटत होते, नजर खिडकीकडे आणि हात आपला आपण फिरतो आहे असे.

“ये. एवढ्या उन्हाची काहून आली?”

तिनं प्रस्तावना केली नाही. “काका, त्रेचाळीसच्या भादव्यात तुम्ही चिरायत्याचं पाणी दिलं होतं. आठवतं?”

खल थांबला. मग पुन्हा सुरू झाला. “आठवते.”

“त्यात कुनैन नव्हतं.”

“होतं.”

“तुम्ही म्हणाला होतात, संपलं.”

“संपल्यासारखंच होतं. डबा झाडला, तवा चमचाभर निघालं. अकरा माणसं दारात उभी. कोणाले देऊ आणि कोणाले नाही? सगळं बरणीत टाकलं.” त्यांनी खल बाजूला ठेवला. “डॉक्टर म्हणाले, देऊन टाका, गणपतराव, रिकाम्या हातानं पाठवू नका. पण ॲसिडही संपलं होतं ना. ॲसिडशिवाय ते विरघळत नाही. तळाशी बसते. बरणी हलवत हलवत भरायची असते.”

“हलवली होती?”

“नाही सांगता येत, पोरी. गर्दी किती होती! हलवली असंन. नसंन.”

“म्हणजे कोणाच्या बाटलीत किती गेलं—”

“ते देवाले माहीत.” मग त्यांनी कपाटातून एक लहान शिशी चाचपून काढली, हिवतापाच्या चालू औषधाची, आणि एक थेंब तिच्या बोटावर ठेवला. “चाख. जिभेच्या शेंड्यावर नाही कळत. चिरायता येते आणि जाते. मागं, घशापाशी जे थांबून राहते ते कुनैन. ते तुले कोणी फसवून नाही देऊ शकत.” तिनं चाखलं. कडू घशापाशी जाऊन थांबलं आणि थांबूनच राहिलं. बनारसला जाणार आहे, ती म्हणाली, काहून जाणार ते लिहून मागितलं आहे. गणपतरावांना हसू आलं. “मले कोणी विचारलंच नाही. बापानं इथं आणून बसवलं, मी बसलो. चौतीस वर्षं झाली. तू विचारून राहिली म्हणून आज पहिल्यांदा मनात आलं, की कोणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं!” मग आवाज उतरवून म्हणाले, “माझं नाव लिहायचं असंन तर लिही. डॉक्टरांचं नको लिहू. ते गेले आता.”

परत येताना एकदम तिला तो दिवस दिसला, हात-पाय-बरणीसकट दिसला. पहिल्या बाटल्या भरताना गणपतराव पळीनं वरचं वरचं घेत होते. शेवटच्या बाटलीला पळी पुरेना, तेव्हा त्यांनी बरणी दोन्ही हातांनी उचलून तिरपी केली होती आणि बुडाशी राहिलेलं सगळं नरसाळ्यातून आत गेलं होतं, घळघळ आवाज करत. ती शेवटची बाटली कुंदाची. म्हणजे बसलेलं सगळं कुंदाच्या वाट्याला आलं. चमचाभर कुनैन, जवळजवळ पूर्ण, एकट्या कुंदाला! रस्त्यातच ती थांबली. एक बैलगाडी तिला वळसा घालून गेली. आत्यानं पाणी प्यायलं आणि ती उठली. कुंदाला खरं औषध मिळालं आणि ती गेली. याचा अर्थ काय लागतो हे तिला कळेना, सगळं उलटंसुलटं झालं होतं. पण छातीवरून काहीतरी उतरलं होतं एवढं खास. मी कुंदाला पाणी दिलं नाही. तीन वर्षं जे वाहिलं ते नव्हतंच. तिला धावावंसं वाटलं. घरी न जाता ती तशीच सत्यभामाकाकूंच्या दारात गेली. त्यांना सांगायचं होतं की तुमच्या मुलीला त्या दिवशी गावात होतं नव्हतं ते सगळं औषध मिळालं होतं.

काकू चौकटीत बसून तांदूळ निवडत होत्या. घरात दिवसाही अंधार असायचा. खिडक्या त्या उघडत नसत. “ये, भानू. बनारसचं झालं का गं?”

“काकू, कुंदाच्या औषधाबद्दल बोलायचं होतं.”

सत्यभामाकाकूंचा हात ताटात थांबला. मग त्यांनी उठून दाराला कडी लावली आणि म्हणाल्या, “तुले कसं कळलं?”

“काय?”

“गणपतराव बोलले? त्यांनी ओळखलं असंन. रिकामी बाटली परत गेली नाही म्हणून ओळखलं असंन.” त्या आतल्या खोलीत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते उलगडलं. बाटली होती. बूच घट्ट बसलेलं. पट्टी पिवळी पडली होती, पण खाचा तशाच होत्या, आठ, सारख्या अंतरावर, तिच्याच हाताच्या. आणि औषध पहिल्या खाचेच्याही वर होतं.

“एक घोट दिला तो तिनं थुंकून टाकला,” काकू म्हणाल्या. “इतकं कडू, आई, मी मरून जाईन. असं म्हणाली. रडली. म्हणाली, उद्यापासून घेते, शप्पथ. मी म्हटलं, बरं, उद्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला होता, तवा म्हटलं पाहू. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. तिचे बाबा आले गाडीवरून, मी त्यांना सांगितलं, देऊन राहिले, तीन वेळा देऊन राहिले. कोणाले नाही सांगितलं, भानू. हे इथं दारात पडलं होतं, औषध, आणि मी माझ्या हातानं पोरीले नाही दिलं. तुझी आत्या त्याच औषधानं उठली. मी रोज पाहते तिले पाण्याले जाताना. रोज पाहते.”

भानुमतीनं बाटली हातात घेतली. आत औषध काळवंडलं होतं, वर बुरशीची पातळ साय होती. बाटली तिरपी केली तेव्हा बुडाशी पांढरा थर हलला. चांगला बोटभर. तो आपल्या जागेवरून सावकाश, जडपणे सरकला आणि पुन्हा बसला. बुरशी असेल, असं तिला वाटलं. खडूची भुकटी असेल, खल नीट पुसला नसेल. काहीही असू शकतं. “काकू, चाखून पाहू?” असं तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बूच काढलं, तोंडाला तळवा लावून बाटली उलटी केली, हलवली, आणि तळव्यावरचं जिभेला लावलं. शिळं, कुबट, मग पालापाचोळ्यासारखं कडू. ते आलं आणि गेलं. ती थांबली. गेलं, असं म्हणायला ती तोंड उघडणारच होती. मग घशापाशी दुसरं आलं, हळूच, धातूसारखं, आणि तिथं थांबून राहिलं.

सत्यभामाकाकू तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. तीन वर्षं मिटलेल्या खोलीत त्यांचा चेहरा असा झाला होता की तो कोणत्याही क्षणी फुटेल किंवा कायमचा बंद होईल. “हे दिलं असतं तर वाचली असती,” त्या म्हणाल्या. त्यांनी ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. भानुमतीच्या मनात एकाच वेळी पुष्कळ काही होतं आणि त्यातलं एकही धरता येत नव्हतं. माहीत नाही, हे एक खरं होतं. कदाचित, हेही एक खरं होतं. आत्या पाणी पिऊन उठली, मग कुनैन प्यायलेली कुंदा गेलीही असती. हे खरं की हे नुसतं बोलणं? थोड्या वेळापूर्वी ती इथं आली ती स्वतःच्या सुटकेसाठी आली होती, हे तर अगदीच खरं होतं. घशातलं कडू हलत नव्हतं. खरं बोलायचं तर ते एवढंच होतं, घशापाशी थांबलेलं.

“काही झालं नसतं, काकू,” ती म्हणाली.

“दिलं असतं तरी?”

“दिलं असतं तरी. ह्यात औषध नव्हतंच. लढाईमुळं कुनैन मिळत नव्हतं. चिरायता आणि पाणी आहे हे, नुसता रंग. पट्टी मीच कापली होती. मला तेव्हाच ठाऊक होतं.” हे बोलताना तिचा आवाज अगदी स्थिर होता. गणपतराव माणसांना सांगायचे तसा, जेवणानंतर, तीन वेळा, काळजी नको.

“तुले ठाऊक होतं? तवाच?”

“हो.”

काकूंनी तिला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या उभ्या राहिल्या, बाटली तिच्या हातातून घेतली, मोरीपाशी गेल्या आणि उलटी केली. पाणी भळभळ गेलं. पांढरा थर बुडाला चिकटून राहिला. त्यांनी तांब्यातलं पाणी आत ओतलं, हलवलं, ओतून दिलं. पुन्हा भरलं, पुन्हा हलवलं. दुधासारखं पांढरं पाणी दगडावरून गेलं. भानुमती बघत राहिली. एक शब्द बोलली असती तर ते थांबलं असतं. मग काकू तिथंच ओल्यात बसल्या आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, रडण्याचा नव्हे, एखादं जड भांडं डोक्यावरून उतरवताना निघतो तसा. कितीतरी वेळ तो निघत राहिला. नंतर त्यांनी पदरानं तोंड पुसलं, उठून कडी काढली आणि पहिल्यांदा तिचा हात धरला. “सांगितलंस. बरं केलंस, बाई. सगळे माझ्याशी खोटं बोलत होते, तुझी आत्यापण, म्हणे तिची ओढवलीच होती. तू एक खरं बोलली.” आणि चूल पेटवायला गेल्या. “जेवून जा. पिठलं टाकते.”

ती जेवली. पिठल्याला चव होती का, ते तिला नंतर आठवेना.

सोमवारी तिनं भय्यासाहेबांना कागद दिला. त्यावर चार ओळी होत्या. ‘एका औषधाविषयी मला जे ठाऊक होते ते मी वेळेवर सांगितले नाही. पुढे जेव्हा सांगितले तेव्हा जे ठाऊक होते त्याच्या उलट सांगितले. दोन्ही वेळा मी चुकले की नाही हे मला समजत नाही. औषध देणाऱ्या माणसाला ते समजले पाहिजे असे वाटते.’ भय्यासाहेबांनी ते दोनदा वाचलं. हेडमास्तर “काय लिहिलंय?” म्हणत होते, त्यांना भय्यासाहेबांनी हातानं थांबवलं. “हे कोणाविषयी आहे, असं मी विचारणार नाही,” ते म्हणाले. “पण हे दप्तरी लावता येत नाही. मंडळींपैकी बाकीचे लोक वाचतील, फाटे फोडतील.” त्यांनी कागदाची घडी करून तिला परत दिली आणि तिच्यादेखत अर्जावर आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: देशी औषधनिर्मितीच्या कार्यास वाहून घेण्याची इच्छा. “हेही काही खोटं नाही,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. शिष्यवृत्ती तिला मिळाली. बाबांनी कारखान्यात पेढे वाटले. आत्यानं आठ दिवस आधीच लोणच्याची बरणी बांधून ठेवली.

जायच्या दोन दिवस आधी आत्यानं तिला निवाडगंजच्या बाजारात पाठवलं, आणि तिथं भाजीच्या ढिगांमधून तिला ओळखीचा आवाज ऐकू आला. मोठा, भांडणारा. सत्यभामाकाकू! उन्हात, डोक्यावर पदर, हातात पिशवी. एका म्हाताऱ्या भाजीवालीशी परवलांवरून वाद घालत होत्या. “कल की है, अम्मा, मेरे को मत सिखाओ,” असं म्हणून त्यांनी एक परवल मोडून दाखवलं. गाल भरले होते. केसांना तेल होतं. भानुमती पाच-सहा हातांवर थांबली. तिला मागच्या मागं वळता आलं असतं, पण काकूंनी पाहिलं आणि हाक मारली, “भानू! ये, ये!” खांद्याला धरून तिला पुढे केलं, आणि भाजीवालीला म्हणाल्या, “ये हमारी बिटिया है. बनारस जा रही है, दवाई सीखने. दुनिया में एक यही है जो झूठ नहीं बोलती.”

“अच्छा?” म्हातारीनं मान वर केली. भानुमतीकडे नीट पाहिलं. मग आपला उजवा हात पुढे केला. मनगट सुजलेलं होतं, हिरव्या बांगड्या त्यात रुतल्या होत्या. “तो बता दे बिटिया, ये ठीक हो जाएगा?”

काकू तिच्याकडे बघत होत्या, मोठ्या विश्वासानं. म्हातारीही बघत होती. भानुमतीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो तापला होता, आत कुठंतरी ठणकत होता, आणि तिला काहीच ठाऊक नव्हतं.